गिनीपिगला मूतखडा झालाय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही नागपूरला मानेवाड्याकडे राहतो. आमचा चिकू, नर, चार वर्षांचा, आठवडाभरापासून शू करताना पाठ वाकवून ची ची ओरडून राहिला, काल पांढऱ्या टॉवेलवर गुलाबी डाग दिसला अन् माझ्या पोटात धस्स झालं. एक्स-रेत मूत्राशयात खडा निघाला, तुरीच्या दाण्याएवढा. डॉक्टर म्हणतात नराची नळी अरुंद, अडकला तर जिवावर बेतेल, ऑपरेशनच करा, पण त्यांनी गिनीपिगचं कधी केलेलं नाही आणि आदल्या रात्री उपाशी ठेवा म्हणतात. भुलेत उलटी होऊ नये म्हणून उपाशी ठेवतात, पण गिनीपिगला तर उलटी होतच नाही न, उलट पोट रिकामं राहिलं की आतडीच मंदावतात, मग उपाशी कशाला?

स्वस्त मिळतो म्हणून मी रोज लसूणघास (गुरांचा हिरवा चारा) घालायची, त्यात कॅल्शियम भरपूर आणि यांचे खडे बहुतेक कॅल्शियम कार्बोनेटचेच. आता बंद केलाय. व्हिटॅमिन सीसाठी सिमला मिरची देते, धुऊन ओलीच, तेवढंच पाणी पोटात जातं.

नागपुरात कोणी गिनीपिगचं हे ऑपरेशन करून घेतलंय का? नंतर दुखण्यावर काय औषध दिलं? लसूणघासाऐवजी द्यायला टिमोथी गवत (कमी कॅल्शियमचं सुकं गवत) इथे कुठे मिळतं? लवकर सांगा न, आज तो सिमला मिरचीलाही तोंड लावून नाही राहिला.