शब्दचर्चा : मुक्त, खुले, मोफत आणि ‘इंटरऑपरेबिलिटी’

प्रश्न : तंत्रज्ञान धोरणाचा एक मसुदा मराठीत करते आहे. ‘ओपन सोर्स’ला, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही पाहता, वापरता आणि बदलता येतो अशा सॉफ्टवेअरला, मुक्तस्रोत लिहू की खुला स्रोत? ‘ओपन स्टँडर्ड’ला खुले मानक चालेल का? ‘इंटरऑपरेबिलिटी’ला (वेगवेगळ्या प्रणालींना एकमेकींबरोबर काम करता येणं) आंतरपरिचालनीयता लिहिलंय खरं, पण वाचताना जीभ अडखळते.

उत्तर : आधी एक विनंती. ‘स्रोत’च लिहा, ‘स्त्रोत’ नको.

अमेरिकन प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 साली ‘फ्री सॉफ्टवेअर’ घडवण्याचा जीएनयू प्रकल्प जाहीर केला. त्यातून उभ्या राहिलेल्या चळवळीच्या ‘फ्री’ने इंग्रजीत कायमचा घोळ झाला : फुकट की स्वतंत्र? 1998 साली ‘ओपन सोर्स’ हा शब्द पुढे आला, त्यामागे हेही कारण होतं. आपल्याकडे मुक्त वेगळं, मोफत वेगळं. फोनवरची कितीतरी ॲप मोफत असतात, पण त्यांचा कोड पाहता येत नाही. मुक्त सॉफ्टवेअर मात्र पैसे घेऊनही विकता येतं. म्हणून ‘फ्री’ला मुक्त आणि ‘ओपन’ला खुला ठेवा. मुक्तस्रोत रूढ आहे, पण मसुद्यात दोन्ही संकल्पना असतील तर खुला स्रोतच बरा. समासात ‘मुक्त’ शेवटी मात्र जाऊ देऊ नका. तंटामुक्त गावात तंटा नसतो!

‘स्टँडर्ड’ म्हणजे ठरवून दिलेला तांत्रिक नमुना; त्याला मानकापेक्षा मला प्रमाणक आवडतं. प्रमाणवेळ, प्रमाणभाषा आपण म्हणतोच. आणि ‘खुले’ची व्याख्या मसुद्यात द्याच. केंद्राच्या 2010 च्या ई-प्रशासन धोरणात प्रमाणक स्वामित्वधनाशिवाय (रॉयल्टी न देता) वापरता यावं, अशी अट आहे. नुसतं ‘सर्वांना उपलब्ध’ म्हटलं तर ती निसटते.

इंटरऑपरेबिलिटीचं महत्त्व मला एका स्मरणिकेनं शिकवलं. आमच्या गिर्यारोहण मंडळाची 1997 ची स्मरणिका पुण्यात नारायण पेठेत जुळवली होती. परवा फाइल उघडली तर पडद्यावर रोमन अक्षरं आणि चिन्हं. त्या फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले, आणि तो फाँट आता कुठे मिळेना. रूपांतर करून घेतलं, तर सह्याद्रीच्या ‘दऱ्या’ जागोजागी ‘दर्या’ झाल्या. युनिकोड या जगभरच्या लिप्यांसाठीच्या प्रमाणकात ‘ऱ’ला स्वतंत्र जागा आहे, पण जुन्या फाँटमधून तिथवर नेणारी वाट कुणी लिहून ठेवली नव्हती. दोन रात्री बसून एकेक दरी परत आणली.

मराठी पुस्तकात ‘अक्षरजुळणी’ असं छापतात. त्याच धर्तीवर मी ‘परस्परजुळणी’ सुचवतो.

आणखी एक : बोहरी आळीत नळ घेताना दुकानदार विचारतो, “आटे जुळतात ना?” नळ एका कंपनीचा, पाइप दुसऱ्या कंपनीचा, तरी बसतो. जुळणी हा शब्द कारागिराच्या तोंडी आधीपासून आहे. माझं मत परस्परजुळणीला.

प्रश्नकर्ती : ‘या दोन प्रणालींची परस्परजुळणी व्हायला हवी’ असं मोठ्यानं वाचून पाहिलं. अडखळले नाही. मसुद्यात तेच घेते, पहिल्या उल्लेखापाशी ‘इंटरऑपरेबिलिटी’ देवनागरीत देऊन. ‘खुले’च्या व्याख्येत स्वामित्वधनाची अटही घातली.