‘विणीचा हंगाम’ मधली वीण कोणती?

रविवारी सकाळी दुर्बीण घेऊन सोलापूरच्या कंबर तलावावर (कागदोपत्री धर्मवीर संभाजी तलाव) गेलतो. काठाला गायबगळे होते, एरवी पांढरेशुभ्र, पण आता डोकं, मान, पाठ सगळं हळदीला बसल्यासारखं पिवळं-नारिंगी. कट्ट्यावर एक आजोबा बसलेले, आधी हातमाग आन् नंतर पावरलूम ह्यातच जन्म गेलेला. त्यांना म्हटलं, विणीचा हंगाम आलाय ना आजोबा, म्हणून रंग चढलाय. तर म्हणतात, "बगळा काय चादर विणतो काय बे?" मी गप्पच. ही वीण आणि चादरीची वीण एकच का? घरटं विणतात म्हणून वीण, असं काही?

एकाचं उत्तर: नाही हो दादा, दोन वेगळे शब्द आहेत, दिसायला जुळे. पक्ष्यांची वीण ‘विणे’ वरनं, म्हणजे पिलं होणं. गाय विते, म्हैस व्याली, शेळी कधी विणार. चादरीचं ‘विणणे’, ती विणली, कधी विणणार. एका ण चा फरक, बोलताना तोही गिळतो आपण. ‘विणे’च्या मुळाशी संस्कृत ‘जन्’ आहे, विणकामाशी त्याचा संबंध नाही. गंमत म्हणजे बगळी व्याली असं कुणीच म्हणत नाही, ती अंडी घालते, पण वीण हे नाम पक्ष्यांना, माशांना बिनधास्त चालतं. पाटीवर ‘प्रजनन काळ’ लिहितात, चूक नाही पण दवाखान्याचा वास येतो त्याला.

दुसऱ्याचं उत्तर: आणि बगळ्याचं घरटं विणलेलं नसतंच, नुसत्या काटक्या रचलेल्या. दोन्ही विणी एकत्र बघायच्या तर सुगरण बघा, पावसाच्या तोंडाला नराचं डोकं पिवळं होतं आणि तो चोचीनं गवताची पाती ओवून ओवून खोपा करतो, विणीसाठी विणतो. नाव बाईचं, काम बाप्याचं! रंगच बघायचा तर ढोकरी (तोही एक बगळाच), एरवी चिखलात बसली की दिसतसुद्धा नाही, ह्या दिवसांत पाठ एकदम गडद मरून होते आणि उडाली की पांढरेफेक पंख.

आभार दोघांचे. काल परत गेलतो, आजोबांना सगळं सांगितलं, विणे, विणणे, एक ण. शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "रंग पक्का आहे का पण?" म्हटलं नाही, हंगाम सरला की परत पांढरा. "मग कच्चा म्हण की."