घराचा हिस्सा सोडला तरच मुलीचा ताबा? कन्सेंट टर्म्सवर सही करण्याआधी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

इतकं खाजगी पहिल्यांदाच लिहितेय, त्यामुळे थोडं लांबेल. पुढच्या महिन्यात घटस्फोटाच्या कन्सेंट टर्म्सवर, म्हणजे दोघांनी मान्य करायच्या अटींवर, सह्या करायच्या ठरल्या आहेत. त्याआधी यातून गेलेल्या किंवा कोर्टाचं काम जवळून पाहिलेल्या कुणीतरी हे वाचावं असं फार वाटतंय.

मी आणि माझा नवरा चौदा महिने वेगळे राहतोय. मारहाण, व्यसन असलं काही नाही. पटेनासं झालं आणि ते दोघांनीही मान्य केलं. मुलगी आठ वर्षांची, तिसरीत आहे. ती माझ्याबरोबर माझ्या आईच्या घरी राहते, शनिवार-रविवार बाबाकडे जाते. बाप म्हणून तो चांगला आहे, हे आधीच सांगते. प्रतिसादांत त्याच्यावर राग निघाला तर मला त्याचा उपयोग होणार नाही.

आता घराचं. 2017 साली फ्लॅट घेतला, दोघांच्या नावावर. कर्जातही दोघं सहकर्जदार. पहिली चार वर्षं हप्ता निम्मा-निम्मा भरला. मग मुलीच्या आजारपणात माझी नोकरी सुटली आणि तेव्हापासून पूर्ण हप्ता त्याच्या खात्यातून जातोय. नंतर मला कमी पगाराची नोकरी लागली, तो पगार किराणा, शाळेची फी आणि डॉक्टर यातच संपत आला. सुरुवातीची रक्कम भरताना मी माझ्या बांगड्या आणि पाटल्या मोडल्या होत्या. सोनाराची पावती माझ्या नावावर आहे आणि ती मी जपून ठेवली आहे. ते पैसे माझ्या खात्यात आले आणि दोन दिवसांनी बिल्डरकडे गेले, हे पासबुकात दिसतं.

परस्पर संमतीने घटस्फोटाचा अर्ज करायचा ठरलंय. वकील दोघांसाठी एकच, त्यांच्याकडून गेल्या आठवड्यात मसुदा आला. त्यातलं नववं कलम जसंच्या तसं लिहिते: ‘सदर अज्ञान मुलीचा ताबा अर्जदार क्र. 2 हिच्याकडे राहील व त्याच्या मोबदल्यात अर्जदार क्र. 2 ही सदर सदनिकेतील आपला संपूर्ण हक्क सोडून देईल.’

मोबदल्यात. मुलगी शेजारी बसून पाढे लिहीत होती. तिच्याच पेन्सिलने मी त्या शब्दाखाली रेघ मारली आणि मग पुढचं पान वाचताच येईना. माझी मुलगी म्हणजे फ्लॅटच्या बदल्यात मिळणारी वस्तू आहे का? उद्या मोठी होऊन तिने हा कागद वाचला तर?

मी माझ्या परीने वाचन केलंय. चुकत असेन तर सांगा. गोवा सोडला तर आपल्याकडे लग्नानंतरची मालमत्ता आपोआप निम्मी वाटून देणारा सर्वसाधारण कायदा नाही. कागदावर नाव कुणाचं आणि पैसे कुणी घातले यावर सगळं ठरतं. स्त्रीधनावर बाईचीच मालकी, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये स्पष्ट केलंय, पण मी तर दागिने स्वतःच्या हाताने मोडून घरात घातले. ताब्याबद्दल 1956 च्या कायद्यात पाच वर्षांखालचं मूल शक्यतो आईकडे असं आहे. माझी मुलगी त्या वयाच्या पुढे गेली. त्यानंतर तिचं हित हीच मुख्य कसोटी. म्हणजे भांडायचं ठरवलं तर तोही मागू शकतो, आणि याच भीतीने मी आजवर ‘घेऊन टाक घर’ असं म्हणत आले.

आणखी एक गोष्ट खटकतेय. मुलीच्या नावाने 2018 साली सुकन्या समृद्धी खातं उघडलं. पालक म्हणून त्याचं नाव आहे, पैसे दोघांनी भरलेत. मसुद्यात ते खातं ‘पतीच्या मालमत्ता’ या यादीत टाकलंय. ते तर तिचं आहे ना?

तर मला विचारायचंय ते असं. ताबा आणि घर एका वाक्यात बांधलेलं कोर्ट मान्य करतं का? मी हक्क सोडला तर कर्जातून माझं नाव निघतं का? मुलीच्या पोटगीचा मसुद्यात उल्लेखच नाही, ‘उभय पक्ष एकमेकांकडे भविष्यात काहीही मागणार नाहीत’ एवढंच आहे, त्यात तीही धरली जाते का? आणि हे सगळं आत्ता बोलले तर जे शांतपणे चाललंय ते बिघडेल का? हा शेवटचा प्रश्न कायद्याचा नाही, माहीत आहे.

प्रतिसाद:

ताई, मी वकील नाही, पाच वर्षांपूर्वी यातून गेले आहे. सगळ्यात आधी स्वतःचा वेगळा वकील बघा. 1987 च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे बाईला उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. जिल्हा कोर्टातच विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं.

तुमच्या नवव्या कलमात शब्दापेक्षा मोठी अडचण आहे. ताब्याचा हुकूम कधीच कायमचा नसतो. मुलीची परिस्थिती बदलली तर कुणीही पुन्हा अर्ज करू शकतं आणि कोर्ट तिचं हित बघून बदल करतं. हक्कसोडपत्र मात्र एकदा नोंदवलं की संपलं. म्हणजे तुम्ही कायमचं देताय आणि बदलू शकणारं घेताय. मला हे कुणी वेळेवर सांगितलं नव्हतं.

कर्जाचं तर फारच जपा. तुमच्या आपसातल्या कराराने बँक बांधली जात नाही. घरातून नाव गेलं आणि कर्जात राहिलं, तर त्याचा हप्ता थकला की नोटीस तुम्हाला. आधी बँकेचं लेखी पत्र, मग सही. पोटगीचा हक्क मुलीचा आहे, तो आईला सोडून देता येत नाही. आकडा, तारीख, दरवर्षीची वाढ, शाळा आणि आजारपणाचा खर्च, सगळं वेगळ्या कलमात लिहून घ्या. आणि घाबरू नका, पहिल्या अर्जानंतर साधारण सहा महिने थांबायचे असतात. कोर्ट ते माफ करू शकतं, पण तुम्ही घाई करू नका. अंतिम हुकूम होईपर्यंत संमती मागे घेता येते.

मूळ प्रश्नकर्ती:

ताई, मनापासून आभार. ‘कायमचं देताय आणि बदलू शकणारं घेताय’ हे वाक्य मी दोन रात्री डोक्यात घेऊन होते.

प्राधिकरणात जाऊन आले. तिथल्या वकीलबाईंनी मसुदा वाचला आणि नववं कलम सरळ खोडलं. आता ताबा आणि भेटी एका कलमात, मुलीची पोटगी दुसऱ्यात, घर तिसऱ्यात. घराची किंमत काढायची, उरलेलं कर्ज वजा करायचं आणि माझ्या हिश्शाचे पैसे तीन टप्प्यांत, बँकेने मला कर्जातून मोकळं केल्यावरच हक्कसोडपत्र. सुकन्याचं खातं दोघांच्याही यादीतून काढलंय, ‘मुलीच्या मालकीचं’ असं वेगळं लिहून.

त्याला फोन केला तेव्हा हात थरथरत होते. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “तो शब्द मी लिहायला सांगितला नव्हता.” मी विश्वास ठेवलाय. टप्प्यांबद्दल त्याचं अजून ठरत नाहीये, पण बोलणं तुटलेलं नाही.

आता अडकलंय ते भेटींच्या कलमात. वकीलबाई म्हणतात वार, वेळ, उन्हाळ्याच्या सुट्टीचे दिवस, सगळं नेमकं लिहा. मुलगी म्हणते, “मला बुधवारी पण बाबाला फोन करायचा असतो, मग?” मला तिला फोनसाठी वार ठरवून द्यायचा नाहीये. ज्यांच्या कागदात फोनबद्दल काही लिहिलंय त्यांनी ते कसं लिहिलं, हे सांगाल का?