येशूविषयी विचारलं की शब्द अडतात. सराव कसा घ्यावा?

खाडीकाठ:
आमच्या ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) रत्नागिरीत नोकरी-कॉलेज करणारे आठ-दहा तरुण आहेत. घरच्या प्रार्थनेत मोकळे बोलतात. पण गणपतीत शेजाऱ्यांनी सहज विचारलं, "आरतीला का नाही येत?" की मान खाली. कुणी "बाटगे" म्हणेल ही धास्ती. तयारी कशी करून घ्यावी?

सुरंगी:
आधी साक्ष, म्हणजे आपल्या विश्वासाची गोष्ट, लिहायला लावा. बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये 26 मध्ये प्रेषित पौल अग्रिप्पा राजापुढे बोलतो, तोच क्रम: आधीचं आयुष्य, ख्रिस्त कसा भेटला, पुढे काय बदललं. तीन मिनिटं, साधारण 300 शब्द. मग घड्याळ लावून मोठ्याने वाचायचं. पहिल्याच भागात दोन मिनिटं जातात, हे हमखास होतं, तिथेच कापा. नंतर कागद बाजूला ठेवून दोघादोघांनी बसायचं, एकाने शेजारी होऊन मध्येच प्रश्न टाकायचा. उत्तराआधी एक लांब श्वास सोडायची सवय लावा. घाईत आवाज चढतो आणि समोरच्याला तो राग वाटतो.

ओवीप्रेमी:
खरी अडचण शब्दांची आहे. "तारण" (आपल्यासाठी पापातून सुटका) म्हटलं की शेजाऱ्याला बँकेतलं सोनं आठवतं! प्रत्येक मंडळीतल्या शब्दाखाली घरातलं वाक्य लिहा: "देवाने मला माफ केलं, मनावरचा बोजा उतरला." फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यातल्या साष्टीतल्या लोकांसाठी ख्रिस्तकथा ओवीत सांगितली, ती 1616 मध्ये छापली गेली. रेव्हरंड ना. वा. टिळक रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी ख्रिस्ताचे अभंग लिहिले. "बाटगे" म्हणणाऱ्याशी वाद नको. गाव, भाषा, माणसं आमची तीच, एवढं शांतपणे सांगावं.

सुरंगी:
आणि आरतीचं उत्तर: "काका, मी येशूलाच भजतो, म्हणून आरतीत उभा राहत नाही. पण तुमच्याकडे यायला मला आवडतं." इथे थांबायचं. त्यांच्या देवाबद्दल एक शब्दही वावगा नको. प्रसादाचं काय, ते बायबलमधलं 1 करिंथ 8 आणि 10 (मूर्तीला वाहिलेल्या अन्नाविषयी) वाचून घरीच ठरवा. दारात ठरवायला गेलं की गोंधळ होतो.

किनारा:
हाताखालच्या माणसापाशी हा विषय आपणहून काढू नये, त्याला नाही म्हणता येत नाही. पैसा, नोकरी, आजार बरा होण्याची हमी, यांतलं काहीही बोलण्यात नको. घटनेचं कलम 25 धर्म मानण्याचा, आचरण्याचा, प्रसाराचा अधिकार देतं. पण प्रसार म्हणजे आपली शिकवण समजावून सांगणं, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये म्हटलं आहे.

प्रार्थना सरावाच्या आधी ठेवा. येशूच्या अटकेच्या रात्री दासीच्या प्रश्नाला घाबरून त्याला नाकारणारा शिष्य पेत्र कृत्ये 4 मध्ये सोबत्यांबरोबर धैर्य मागतो, एकटा नाही.