मदत हवी आहे: शेवळं घशाला खाजली, आता वाडीतली अळंबी खावीत का?

नमस्कार. चौलच्या अलीकडे आमची नारळ-सुपारीची वाडी आहे. मिरगाचा पाऊस लागला की दारावर शेवळं घेऊन येणाऱ्या कातकरी मावशींकडून दोन जुड्या आणि त्या देतील तेवढी काकडं (शेवळांबरोबर शिजवायची आंबट रानफळं) घ्यायची, एवढाच माझा या भाजीशी आजवर संबंध होता, कारण सासूबाई होत्या तोवर ती रांधण्याचे काम त्या दुसऱ्या कोणाला करू देत नसत. यंदा गुडघे धरल्यामुळे मावशी आल्या नाहीत. मागच्या टेकडीच्या उतारावर पाल्यातून वर आलेले तपकिरी-जांभळे कोंब दिसले, तेव्हा ओळखीचेच आहेत या भरवशावर मी ते स्वतःच खुडून आणले.

हाताला तेल लावून मी वरची आवरणे काढली, आतला दांडा अख्खा बारीक चिरला, कांद्यावर जरासा परतला आणि भिजवलेले सोडे व ओल्या खोबऱ्याचे वाटण घालून रस्सा केला. काकडं मिळाली नव्हती, म्हणून भाजी उतरवताना चार आमसुलं टाकली. पहिला घास उत्तम लागला. तिसऱ्या घासाला मात्र जिभेच्या मुळाशी कुसळं टोचावीत तसे होऊ लागले आणि ते दोन तास राहिले. यजमानांनी ताट बाजूला सारले. बोलले काही नाहीत, पण त्या दिवसापासून ताटात नवी पालेभाजी दिसली की आधी माझ्याकडे पाहतात.

निम्मी शेवळं चिरून, परतून फ्रीजरमध्ये ठेवलेली आहेत. माझे कुठे चुकले आणि ती आता वापरता येतील का?

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. गेल्या आठवड्यात पाऊस उघडून ऊन पडल्यावर वाडीत दोन ठिकाणी अळंबी उगवली. विहिरीमागच्या जुन्या वारुळापाशी जी आहेत त्यांच्या टोपीला मधोमध राखाडी टोक असून, देठ उपटू गेल्यास तो मुळासारखा खोल जमिनीत जातो. अंगणातल्या हिरवळीवरची मोठी, पांढरी, वर तपकिरी खवले असलेली आणि देठाला कडे असलेली आहेत. श्रावण तोंडावर असल्याने मोह होतो, पण जी भाजी वर्षानुवर्षे खाल्ली तीही मला नीट जमली नाही, तेव्हा इथे विचारल्याशिवाय हात लावणार नाही.

प्रतिसाद १

ताई, शेवळं ही सुरणाच्या कुळातली, त्यामुळे त्यांच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि तेच घशाला टोचतात. आतल्या दांड्याचा खालचा पिवळा, दाणेदार भाग कापून टाकायचा असतो. आपण दांडा अख्खा चिरला, ही पहिली चूक. वरचे कोवळे आवरण काही घरांत भाजीत घेतात, आमच्याकडे, म्हणजे पेणच्या बाजूला, ते टाकून देतात. दुसरी चूक आंबटाच्या वेळेची. काकडं ठेचून, बिया काढून त्यांचा रस शेवळं परततानाच घालावा, म्हणजे वाटण पडण्यापूर्वी ती त्या आंबटात चांगली शिजतात. उतरवताना टाकलेले आमसूल चव देते, खाज मारत नाही. मी एका जुडीला दहाबारा काकडं घेते.

फ्रीजरमधली शेवळं वापरायची असल्यास पिवळे दाणे दिसतील तेवढे निवडून काढा, भरपूर तेलात पुन्हा परता, चिंचेचा दाट कोळ घालून शिजवा आणि चिमूटभर खाऊन अर्धा तास थांबा. दाणे निवडता येत नसतील इतके बारीक चिरले असेल, तर टाकून द्या. दोन जुड्यांसाठी जीव कासावीस करून घेण्यात अर्थ नाही.

प्रतिसाद २

मी निवृत्त वनस्पतिशास्त्र शिक्षक आहे, म्हणून फक्त अळंब्यांविषयी लिहितो. हिरवळीवरची खाऊ नका. जून झालेले एखादे उलटे करून टोपीखालचे पडदे पाहा. त्यांवर हिरवट छटा असेल तर ते बहुधा क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस असावे. ते खाल्ल्यावर काही तासांतच जबर उलट्या-जुलाब होतात.

वारुळाजवळची, आपल्या वर्णनावरून, टर्मिटोमायसिस गटातली वाटतात. ही बुरशी वाळवीच वारुळात जोपासते, म्हणून धिंगरीसारखी ती शेडमध्ये पिकवता येत नाही. तरीही वर्णनावरून किंवा छायाचित्रावरून मी कोणालाही ‘खा’ म्हणणार नाही. अमानिटा गटातल्या घातक अळंब्यांचे विष शिजवून जात नाही आणि त्रास बहुतेकदा सहा ते बारा तासांनी सुरू होतो, तोवर ते यकृतापर्यंत पोहोचलेले असते. चांदीचे नाणे किंवा लसूण काळी पडते का हे पाहण्याच्या पद्धतीला काहीही आधार नाही. त्याच जागेवरची अळंबी पूर्वी काढून खाल्लेल्या माणसाला प्रत्यक्ष दाखवा. ती खाण्याची ठरली तरी वारूळ खणू नका, नाहीतर पुढच्या वर्षी तिथे काही उगवणार नाही.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. काल यजमान मावशींना रिक्षाने घेऊन आले. अळंब्यांकडे पाहण्याआधीच त्यांनी विचारले, ‘‘वारूल कुठंशी हाय?’’ वारुळापाशी बसून त्यांनी एक अळंबे बोटाने माती उकरत मुळापर्यंत सोडवले, फाडून वास घेतला आणि ‘‘हीच तुझी सासू न्यायची’’ म्हणाल्या. उमललेली तेवढी काढली, कळ्या राहू दिल्या. अंगणातले एक मी उलटे करून पाहिले, पडदे खरोखरच शेवाळी झाले होते. मावशींनी ती सगळी पायाने मोडून टाकली.

वारुळाजवळची कांदा, हळद आणि ओल्या खोबऱ्यात नीट शिजवून आम्ही तिघांनी खाल्ली. फ्रीजरमधल्या शेवळांचा डबा मावशींनी उघडून पाहिला आणि परत झाकण लावून म्हणाल्या, ‘‘टाकून दे.’’ ती टाकली.