मदत हवी आहे : ‘हर्ब’ म्हणजे ओषधी की औषधी?

अनुवादिनी
उद्या दुपारी मजकूर छपाईला द्यायचा आहे आणि मी एकाच वाक्यावर अडकले आहे. ‘हर्ब’, ‘प्लांट’ आणि ‘व्हेजिटेबल’ या इंग्रजी शब्दांचे मूळ अर्थ आणि नेमके मराठी प्रतिशब्द कोणी सांगेल का? ‘हर्ब’साठी मी ‘ओषधी’ लिहिले होते, ते मुद्रितशोधकांनी ‘औषधी’ केले. शब्दकोश पाहून झाले आहेत, तेव्हा कृपया तेच सुचवू नये.

बांधावरून
मूळ वाक्य कोणते? स्वयंपाकघरात ‘हर्ब’ म्हणजे कोथिंबीर-पुदिना, वैद्यांकडे औषधी वनस्पती आणि वनस्पतिशास्त्रात आणखी तिसरेच.

काढा_रोज
आमच्या घरी तुळस, गवती चहा आणि अडुळसा कुंड्यांत लावलेले आहेत. माझ्या मते ‘औषधी वनस्पती’ हाच शब्द योग्य आहे. अडुळशाचा काढा कसा करावा, हेही हवे असल्यास लिहितो.

अनुवादिनी
काढा नको आहे. वाक्य केळीबद्दलचे आहे, शाळेच्या बागेतील फलकासाठी. ‘केळ हा जगातील सर्वांत मोठ्या हर्बपैकी एक प्लांट आहे’, असे इंग्रजीत आहे. आता छापील नमुन्यात ‘केळ ही सर्वांत मोठी औषधी वनस्पती आहे’ असे आले आहे.

निवृत्त_शिक्षक
मग चूक मुद्रितशोधनात झाली आहे. लॅटिन ‘हेर्बा’ म्हणजे गवत, हिरवे कोवळे पीक. त्यात औषधाचा अर्थ मुळात नाही. वनस्पतिशास्त्रात ज्या वनस्पतीच्या खोडात लाकूड तयार होत नाही, ती ‘हर्ब’. आपल्याकडे चरकसंहितेत फळ पिकल्यावर जिचे आयुष्य संपते, तिला ‘ओषधी’ म्हटले आहे. ‘औषध’ हा शब्द ‘ओषधी’वरून तयार झाला, उलट नव्हे. म्हणून तुमचा मूळ शब्द बरोबर होता आणि त्यासाठी आग्रह धरावा, असे मला मनापासून वाटते.

बांधावरून
मी जळगाव जिल्ह्यातला, केळी लावणारा. घड उतरवल्यावर केळीवर आडवा कोयता मारला, की आत लाकूड दिसतच नाही. कांद्यासारखे एकावर एक पदर सुटतात, प्रत्येक पदरात हवेच्या पोकळ्यांची जाळी असते आणि पाणी टपकते. त्या चिकाचा डाग कपड्यावरून जात नाही. आपण ज्याला खोड म्हणतो ते पानांचे आवरण आहे, खरे खोड म्हणजे जमिनीतला कंद. एका झाडाला एकदाच घड येतो, मग ते संपते आणि पुढची पिढी मुनव्यांवर, म्हणजे कंदातून फुटणाऱ्या कोंबांवर, चालते. त्यामुळे सरांनी सांगितलेल्या दोन्ही व्याख्या केळीला लागू पडतात.

पाचवी_ब
सर, शास्त्र मान्य आहे, पण फलक दहा वर्षांची मुले वाचणार आहेत. ‘ओषधी’ हा शब्द त्यांना छपाईची चूकच वाटेल. पाठ्यपुस्तकात वृक्ष, झुडूप, रोपटे असे शिकवतात, तेव्हा ‘रोपटे’ लिहावे.

निवृत्त_शिक्षक
10-12 फूट उंचीच्या केळीला ‘रोपटे’ म्हटलेले मुलांना पटेल का? कठीण शब्द टाळायचा म्हणून खोटे चित्र उभे करू नये.

मूळशोधक
‘प्लांट’बद्दल कोणीच बोलले नाही. लॅटिन ‘प्लांटा’ म्हणजे तळपाय. वनस्पतीसाठीचा आपला ‘पादप’ही पायावरूनच आला आहे, म्हणजे दोन्ही शब्द एकच आहेत.

निवृत्त_शिक्षक
एकच नाहीत. ‘पादप’ म्हणजे पायाने, अर्थात मुळांनी, पाणी पिणारा. त्यातल्या ‘पाद’चे सगेसोयरे इंग्रजीत ‘फुट’ आणि ‘पेडल’. ‘प्लांटा’चे दोन अर्थ होते, तळपाय आणि लावण्यासाठी घेतलेला कोंब, कोंब लावून भोवतीची माती पायाने दाबतात, म्हणून ते जोडले गेले असावेत, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. टाचदुखीच्या वैद्यकीय नावातला ‘प्लांटर’ आणि पाय अडकवून पाडणे या अर्थापासून निघालेला ‘सप्लांट’ तळपायाकडूनच आले.

बांधावरून
मुनवा लावल्यावर आम्ही आजही माती पायानेच दाबतो. पोकळी राहिली तर कंद कुजतो.

अनुवादिनी
आणि ‘व्हेजिटेबल’? फलकावर पुढे ‘व्हेजिटेबल फायबर’ आहे.

निवृत्त_शिक्षक
‘भाजीचे तंतू’ मुळीच लिहू नका. लॅटिन ‘वेगेतारे’ म्हणजे चेतना देणे. इंग्रजीत ‘व्हेजिटेबल’ पूर्वी कोणत्याही वनस्पतीला म्हणत, भाजीपुरता अर्थ नंतर रूढ झाला. म्हणून येथे ‘वनस्पतिजन्य तंतू’.

मूळशोधक
टोमॅटो व्यवहारात भाजीच, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1893 मध्ये आयातकराच्या वादात दिला होता.

पाचवी_ब
टोमॅटो राहू द्या. सर, ‘ओषधी’ ठेवा, पण तिथेच अर्थ फोडून सांगा. मग माझी हरकत नाही.

अनुवादिनी
सर्वांचे आभार. असे लिहिते : ‘केळ ही लाकडी खोड नसलेल्या वनस्पतींपैकी, म्हणजेच ओषधींपैकी, जगातील सर्वांत मोठ्या वनस्पतींमध्ये गणली जाते. एकदा घड दिल्यावर तिचे आयुष्य संपते आणि कंदातून फुटलेले मुनवे वाढू लागतात.’ मुद्रितशोधकांना आताच फोन करून ‘ओ’ला हात लावू नका, असे सांगते.