भाग्यांक तोच, मास्टर नंबर मात्र नाही

अंकशास्त्रात भाग्यांक (जन्मतारखेच्या अंकांच्या बेरजेतून येणारा अंक) कुठल्याही पद्धतीने काढा, उत्तर एकच येतं, असं म्हणतात; ते शेवटच्या एका अंकापुरतं बरोबर आहे. अंकांची बेरीज करत एका अंकावर येणं म्हणजे ९ ने भागून बाकी काढणंच (बाकी शून्य उरली की ९ धरायचे). पण ११, २२, ३३ या मास्टर नंबरांना (जे पुढे एका अंकावर आणत नाहीत) हे लागू होत नाही आणि वाद नेमके तिथेच होतात. १४-९-१९८८ ही तारीख घ्या. सगळे अंक सरळ मिळवले तर ४०, म्हणजे ४. दिवस, महिना, वर्ष आधी वेगवेगळे एका अंकावर आणले तर ५ + ९ + ८ = २२. आणि १४ + ९ + १९८८ केलं तर २०११, पुन्हा ४! त्यामुळे कुणी २२ सांगितला तर आधी पद्धत विचारा.

नामांकात (नावातल्या अक्षरांना अंक देऊन केलेल्या बेरजेत) तर मूळ उत्तरच बदलू शकतं. अक्षरांना अंक देणाऱ्या पायथागोरियन कोष्टकात 'आर' या रोमन अक्षराला ९ मिळतात, खाल्डियन या दुसऱ्या कोष्टकात २. तिथे ९ कुठल्याच अक्षराला देत नाहीत. दोन्ही कोष्टकं एकाच बेरजेत मिसळू नका.